बेवारस मयताचे दप्तर

सरकारी भाषेत ‘बेवारस’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. ज्याला वारस नाही तो बेवारस, हा मूळचा अर्थ. परंतु पोलिसांच्या पंचनाम्यात हा शब्द येतो तेव्हा त्याचा रोख बहुधा ज्याचे नाव कळत नाही अशा मयताकडे असतो, आणि हा दुसरा अर्थ पहिल्याहून कठोर आहे. कारण नावच नाही म्हटल्यावर वारस असले तरी ते शोधायचे कोठे? अशा मयतांची नोंद प्रत्येक मोठ्या शहराच्या दप्तरात असते आणि त्यांतील बहुतेकांची हकीगत दोन-चार ओळींत आटोपते. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडिलेड येथील एका मयताची हकीगत मात्र जवळजवळ पाऊणशे वर्षे आटोपली नाही. उलट ती वाढत वाढत एवढी मोठी झाली की तिच्या पसाऱ्यात तो मनुष्यच दिसेनासा झाला. हे प्रकरण वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. पुराव्याची तेथे कधीच टंचाई नव्हती. जे हाती होते ते जपले गेले नाही, आणि जे अखेरीस उपयोगी पडले ते कोणी पुरावा म्हणून जपलेलेच नव्हते.

काळ होता १९४८ चा. महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती. सैन्यातून सुटलेले लोक नव्या उद्योगाच्या शोधात गावोगाव हिंडत होते. युद्धाने घरादारास मुकलेल्या युरोपातील निर्वासितांची जहाजे १९४७ पासून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागू लागली होती. आणि ॲडिलेडपासून सुमारे ४५० किलोमीटरवर, वूमेरा येथील निर्जन माळावर, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांनी मिळून अग्निबाणांच्या चाचण्यांचे क्षेत्र उभारण्यास आरंभ केला होता. अशा दिवसांत एखादा परका इसम शहरात उतरला, तर त्याला कोण, कोठला असे विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. आणि तोच इसम मेलेला आढळला, तर तो हेर असावा असा तर्क करण्यास मात्र प्रत्येकाला कारण होते. पुढे जे झाले त्याचे बीज या दोन गोष्टींत आहे.

३० नोव्हेंबरच्या सायंकाळी सातच्या सुमारास एक स्थानिक जवाहिऱ्या आपल्या पत्नीसह सॉमर्टनच्या समुद्रकाठी फिरायला गेला असता, किनाऱ्याच्या संरक्षक भिंतीला डोके टेकून, पाय लांब करून पहुडलेला एक मनुष्य त्याला दिसला. त्या मनुष्याने उजवा हात वर उचलला, पूर्ण ताणला आणि मग तो गळून पडल्यासारखा खाली आला. दारू चढली असेल, असे समजून ते दांपत्य पुढे गेले. त्यानंतर अर्ध्या तासाने दुसऱ्या एका जोडप्याने त्याला त्याच जागी पाहिले. तो हालत नव्हता, तोंडाभोवती डास घोंघावत होते, आणि ज्या अर्थी हा डासांनाही हाकलत नाही त्या अर्थी मेलेलाच असला पाहिजे, असा विनोदही त्यांच्यात झाला. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर रोजी, सकाळी साडेसहाच्या सुमारास तोच जवाहिऱ्या पुन्हा त्या बाजूस आला तेव्हा तो विनोद खरा ठरला होता. मयताचे पाय एकावर एक टाकलेले होते आणि कोटाच्या कॉलरवर अर्धवट ओढलेली सिगारेट पडली होती.

वय ४० ते ४५, उंची सुमारे १८० सेंटिमीटर, डोळे करडे, केस तांबूस व कानशिलाजवळ किंचित पिकलेले, खांदे रुंद, कंबर बारीक, पोटऱ्या नर्तकाच्या असाव्यात तशा उंच व घट्ट, असे वर्णन नोंदले गेले. उन्हाळा तोंडावर असता अंगात विणलेला स्वेटर व दुहेरी बटणांचा कोट होता. खिशात सापडलेला ऐवज असा: ॲडिलेडहून हेन्ली बीचचे दुसऱ्या वर्गाचे, न वापरलेले रेल्वे तिकीट, शहरातून निघालेल्या बसचे तिकीट, ॲल्युमिनियमचा बारीक फणीचा कंगवा, च्युइंगमचे अर्धे पाकीट, आर्मी क्लब या छापाच्या पाकिटात ठेवलेल्या केन्सितास या दुसऱ्याच छापाच्या सात सिगारेटी, आणि आगपेटी. पैशाचे पाकीट नव्हते, डोक्याला टोपी नव्हती, आणि कपड्यांवरची नावाची चिठ्ठी एकूण एक काढलेली होती.

या शेवटच्या गोष्टीवर पुढे कादंबऱ्या रचल्या गेल्या, म्हणून येथेच सांगून ठेवतो की ऑस्ट्रेलियात १९४२ पासून १९४८ च्या जूनपर्यंत कपडा शिधापत्रिकेवर मिळत होता, जुन्या कपड्यांचा बाजार तेजीत होता, आणि विकत घेतलेल्या जुन्या सदऱ्यावरील आधीच्या मालकाचे नाव उसवून टाकण्यात गूढ असे काहीच नव्हते.

शवविच्छेदनाने प्रश्न सोडवण्याऐवजी वाढवले. मृत्यू पहाटे दोनच्या सुमारास झाला असावा असा अंदाज निघाला. मरणापूर्वी तीन-चार तास मयताने पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेला एक पदार्थ, खाल्ला होता; हृदय निरोगी होते; परंतु प्लीहा नेहमीच्या तिपटीएवढी सुजलेली होती, यकृत रक्ताने भरलेले होते आणि जठरातही रक्त होते. परीक्षा करणाऱ्या डॉक्टरांना हा मृत्यू नैसर्गिक वाटला नाही. तथापि रासायनिक तपासणीत कोणतेही विष निघाले नाही. विष नाही आणि स्वाभाविक कारणही नाही, अशा पेचात सापडलेल्या पोलिसांनी मग निदान नाव तरी शोधावे म्हणून बोटांचे ठसे देशभर आणि देशाबाहेर, अमेरिकेच्या एफबीआयपर्यंत, पाठवले. कोणाच्याही दप्तरात ते नव्हते. एका वृत्तपत्राने मयताचे नाव छापून टाकले तेव्हा त्या नावाचा गृहस्थ स्वतःच्या पायांनी पोलिस ठाण्यात हजर झाला. मयत आपला हरवलेला पती, भाऊ, जुना मित्र किंवा लाकूडतोड्या सहकारी आहे असे सांगणारे लोक वर्षानुवर्षे येत राहिले. १९५३ सालच्या अखेरीस पोलिसांनी जाहीर केले की अशा ओळखींची संख्या २५१ वर गेली आहे.

१४ जानेवारी १९४९ रोजी तपासाला पहिले मोठे यश आले. ॲडिलेड स्थानकाच्या सामानघरात एक तपकिरी सूटकेस कोणी न नेल्यामुळे पडून होती; ती ३० नोव्हेंबरला सकाळी अकरानंतर ठेवलेली होती. तिच्यात मेण लावलेल्या नारिंगी दोऱ्याचे एक कार्ड निघाले, आणि मयताच्या पाटलोणीच्या खिशाचे अस्तर ज्या दोऱ्याने शिवलेले होते तो नेमका त्याच जातीचा होता. तेव्हा सूटकेस त्याचीच, याविषयी शंका उरली नाही. आत कपड्यांखेरीज अक्षरे रंगवण्याचा एक ब्रश, पाते आखूड केलेली सुरी आणि टोके घासून तीक्ष्ण केलेली कात्री होती. एका नेकटायवर ‘टी. कीन’ असे नाव होते, धुलाईच्या पिशवीवर ‘कीन’ आणि एका गंजीफ्रॉकवर शेवटचे अक्षर गाळून तेच. पोलिसांनी इंग्रजी बोलणाऱ्या सर्व देशांत टी. कीन नावाच्या बेपत्ता माणसाचा शोध घेतला. तसा कोणी बेपत्ता नव्हता. म्हणून मयताचे नाव कीन नाही हे माहीत असणाऱ्यानेच ही नावे मुद्दाम शिल्लक ठेवली असावीत, असा निष्कर्ष काढण्यात आला. पोलिसांचे तर्कशास्त्र येथे जरा अतिच बारीक कातले गेले. कीन मयत नसेल, परंतु तो मयताचा कोणी असू शकेल, ही साधी शक्यता दप्तराच्या समासातच राहिली.

आता या प्रकरणातील सर्वांत विलक्षण वस्तूकडे वळू. १९४९ च्या एप्रिलच्या सुमारास प्राध्यापक जॉन बर्टन क्लेलंड हे वयोवृद्ध रोगनिदानतज्ज्ञ मयताचे कपडे पुन्हा तपासत होते. (पुढे ज्यांचा उल्लेख येईल ते कॉरोनर टॉमस क्लेलंड निराळे, आडनावाच्या सारखेपणाने वाचकाने गोंधळू नये.) पाटलोणीच्या कमरेशी असलेल्या घड्याळाच्या लहानशा खिशात, सहज बोटांना लागणार नाही अशी, घट्ट गुंडाळलेली कागदाची सुरळी त्यांना सापडली. ती उलगडली तेव्हा तिच्यावर छापील अक्षरांत दोनच शब्द होते: ‘तमाम शुद’. ग्रंथालयातील जाणकारांनी सांगितले की हे शब्द फारशी असून एडवर्ड फिट्झेराल्डने इंग्रजीत आणलेल्या उमर खय्यामच्या रुबायांच्या शेवटी छापलेले असतात, आणि त्यांचा अर्थ ‘संपले’ असा आहे.

ॲडिलेडच्या पोलिसांना जे ग्रंथालयात जाऊन विचारावे लागले ते मराठी वाचकाला विचारावे लागणार नाही. ‘तमाम’ हा शब्द आपण रोज वापरतो, आणि एखाद्याचे ‘काम तमाम’ केले म्हणतो तेव्हा तर तो फारच अशुभ अर्थाने वापरतो. राहिला ‘शुद’, म्हणजे ‘झाले’. पेशवाईतील मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना मजकूर संपताच उमटवलेली ‘मोर्तब सुद’ ही लहानशी मुद्रा आठवेल. ते ‘सुद’ हे याच ‘शुद’चे मराठमोळे रूप होय, आणि त्यातील मोर्तब आजही आपल्या शिक्कामोर्तबात जिवंत आहे. फारशी पोथी नकलून पुरी झाल्यावर लेखक ‘तमाम शुद’ लिहीत आणि आमचे चिटणीस कागद पुरा झाल्यावर ‘मोर्तब सुद’ची मुद्रा करीत. दोहोंचा हेतू एकच, की याच्यापुढे कोणी काही जोडू नये. माधव जूलियनांनी फारशी-मराठी कोश रचला आणि खय्यामही मराठीत आणला; त्या कोशाची पाने चाळताना असे किती तरी सोयरेसंबंध उघडकीस येतात. परंतु मृताच्या खिशात हे शब्द आढळले तेव्हा इंग्रजी वाचकांना त्यांतील लेखनिकाचा कोरडा शिरस्ता दिसणे शक्यच नव्हते. त्यांना त्यात मरणाची सही दिसली.

पोलिसांनी ज्या प्रतीतून हा तुकडा फाडला गेला तिचा शोध सुरू केला आणि जुलैमध्ये एक गृहस्थ ती प्रत घेऊन आला. नोव्हेंबरच्या अखेरीस, ग्लेनेल्ग येथे जेटी रोडजवळ उभ्या केलेल्या आपल्या मोटारीत कोणीतरी ती टाकून गेले होते, असे त्याने सांगितले. पुस्तकाचे शेवटचे पान त्या जागी फाटलेले होते. मागील पानावर पेन्सिलीने लिहिल्याचे पुसट ठसे होते: एक दूरध्वनी क्रमांक, आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या पाच ओळी, त्यांतील दुसरी खोडलेली. सगळी मिळून पन्नासेक अक्षरे. शब्द एकही नाही. ही सांकेतिक लिपी असणार असे गृहीत धरून नौदलाच्या तज्ज्ञांनी ती सोडवण्याचा प्रयत्न केला, आणि १९७८ साली संरक्षण खात्यातील तज्ज्ञांनी पुन्हा पाहून सांगितले की एवढ्या थोड्या अक्षरांवरून समाधानकारक उत्तर मिळणे अशक्य आहे. इंग्रजी वाक्यातील शब्दांची आद्याक्षरे एकापुढे एक मांडली तर जशी दिसतील तशी ती दिसतात, एवढेच म्हणता येते.

दूरध्वनी क्रमांक एका तरुण परिचारिकेचा होता. प्रेत सापडले त्या ठिकाणापासून तिचे घर पायी पाच-सात मिनिटांवर. मयताला आपण ओळखत नाही, असे तिने सांगितले. मात्र युद्धकाळात सिडनी येथे एका लष्करी अधिकाऱ्याला आपण रुबायांची एक प्रत भेट दिली होती, हेही तिने कबूल केले. पोलिसांना वाटले, नाव सापडले! परंतु तो अधिकारी सिडनीत सुखरूप होता, त्याच्यापाशी ती भेट जपलेली होती, आणि तिचे शेवटचे पान ‘तमाम शुद’सह शाबूत होते. परिचारिकेला मयताच्या चेहऱ्याचा साचा दाखवण्यात आला तेव्हा तिला मूर्च्छा येते की काय असे उपस्थितांना वाटले. तरीही ती आपल्या म्हणण्यावरून ढळली नाही. आपले नाव दप्तरात कायमचे राहू नये, अशी तिने विनंती केली आणि पोलिसांनी ती मान्य केली. माणुसकीच्या दृष्टीने हे सौजन्य योग्यच म्हणावे लागेल. तपासाच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी एक दार बंद झाले.

वर ज्या साच्याचा उल्लेख आला त्याची हकीगत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. प्रेत १० डिसेंबरलाच औषधे भरून टिकवण्यात आले होते. परंतु अनंत काळ ते ठेवता येत नव्हते. म्हणून दफनापूर्वी, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वस्तुसंग्रहालयात मृत पशुपक्ष्यांना पेंढा भरून जिवंतपणाचा आभास देणाऱ्या पॉल लॉसन या कारागिराला बोलावून, डोके व छाती यांचा प्लास्टरचा साचा करवून घेण्यात आला. पुढे कोणी ओळखण्यास आलेच तर दाखवण्यापुरता त्याचा उपयोग, एवढीच अपेक्षा होती. साचा काढताना मयताचे काही केस प्लास्टरमध्ये अडकले. ते कोणी काढले नाहीत, आणि काढण्याचे कारणही नव्हते.

१४ जून १९४९ रोजी वेस्ट टेरेस दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. साल्व्हेशन आर्मीने प्रार्थना म्हटली. आणि भिकाऱ्याच्या कबरीची नामुष्की टळावी म्हणून खर्च केला तो घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या बुकींच्या संघाने. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तीन दिवसांनी कॉरोनरची चौकशी सुरू झाली. सर सेड्रिक स्टँटन हिक्स या औषधविज्ञानाच्या प्राध्यापकांनी साक्षीत सांगितले की काही द्रव्ये अत्यल्प मात्रेत मारतात आणि शरीरात माग ठेवीत नाहीत; त्यांची नावे त्यांनी उघड उच्चारली नाहीत, एका चिठ्ठीवर लिहून कॉरोनरच्या हाती दिली, कारण ती कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळण्यासारखी होती. डिजिटॅलिस आणि स्ट्रोफँथिन ही ती नावे. कॉरोनरला तरीही मयत कोण, मेला कशाने, आणि स्वतःच्या हाताने की दुसऱ्याच्या, यांपैकी एकाही प्रश्नाचा निर्णय देता आला नाही. १९५८ साली चौकशी बेमुदत तहकूब झाली.

यानंतरची दोन पिढ्यांची कथा मुख्यतः तर्कांची आहे. वूमेरा जवळ आहे, कंगवा अमेरिकी आहे, कोटाची शिवण अमेरिकी धर्तीची आहे, पुस्तकात संकेतलिपी आहे; झाला हेर तयार! युद्धकाळात लक्षावधी अमेरिकी सैनिक ऑस्ट्रेलियातून गेले आणि त्यांचे कंगवे व कोट मागे राहिले, हे कोणी लक्षात घेतले नाही. १९४९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने आपले गुप्तचर खाते स्थापन केले, तेव्हा तर या कल्पनेला आणखीच खतपाणी मिळाले. मला या तर्कांचा राग नाही. मनुष्याला रिकामी जागा सहन होत नाही. दोष आहे तो मुद्देमालाच्या व्यवस्थेत. रुबायांची ती प्रत १९५० च्या दशकातच हरवली. सूटकेस १९८६ साली निरुपयोगी म्हणून नष्ट करण्यात आली. साक्षीदारांच्या जबान्यांतील बऱ्याच नाहीशा झाल्या. जेरी फेल्टस या निवृत्त पोलिस अधिकाऱ्याने उरलेले कागद चिकाटीने जुळवून २०१० साली या प्रकरणावर ग्रंथ लिहिला नसता, तर सामान्य वाचकाच्या हाती दंतकथेखेरीज काही आले नसते.

ॲडिलेड विद्यापीठातील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी प्रथम विद्यार्थ्यांना अभ्यासाचा विषय म्हणून त्या पाच ओळी सोडवायला दिल्या, आणि मग स्वतःच या प्रकरणात गुंतले. त्यांनी छायाचित्रांतील कानांची ठेवण तपासली, दातांची नोंद तपासली. परिचारिकेच्या कुटुंबाशी मयताचा रक्तसंबंध असावा असेही त्यांना दीर्घकाळ वाटत होते, आणि ते अनुमान पुढे त्यांनीच केलेल्या संशोधनाने खोटे ठरवले. संशोधकाची परीक्षा अशाच जागी होते. प्रेत उकरण्याची परवानगी ते वारंवार मागत होते आणि ती वारंवार नाकारली जात होती. अखेर १९ मे २०२१ रोजी पोलिसांनी स्वतःच्या तपासासाठी ते उकरले. पण ॲबट यांनी तोवर दुसरी वाट धरली होती. लॉसनच्या प्लास्टरमध्ये ते केस अजून होते.

केसाच्या मुळाशिवाय नुसत्या काडीतून डीएनए काढणे पूर्वी जवळजवळ अशक्य समजले जाई. नव्या तंत्राने त्यातून सुमारे वीस लाख खुणा वाचता आल्या. आणि कॉलीन फिट्झपॅट्रिक या अमेरिकी वंशावळतज्ज्ञ बाईंच्या साहाय्याने, ज्यांनी आपला डीएनए नोंदवला आहे अशा दूरदूरच्या नातलगांवरून, सुमारे ४,००० माणसांचा वंशवृक्ष उभा करण्यात आला. आपल्याकडे भाट आणि तीर्थक्षेत्रींचे उपाध्ये पिढ्यांची चोपडी उलगडून यात्रेकरूला त्याचा खापरपणजोबा सांगतात. हे काम त्याच जातीचे, दिशा तेवढी उलटी. त्या वृक्षात एका मनुष्याच्या नावापुढे मृत्यूची नोंद नव्हती.

२६ जुलै २०२२ रोजी ॲबट यांनी ते नाव जाहीर केले: कार्ल वेब. जन्म १६ नोव्हेंबर १९०५, मेलबर्नचे उपनगर फुट्स्क्रे. सहा भावंडांतील धाकटा. धंदा विजेच्या उपकरणांचा. मृत्यूच्या वेळी त्याचे वय ४३ भरते, आणि १९४८ चा डॉक्टरी अंदाज ४० ते ४५ चा होता. एका बहिणीच्या नवऱ्याचे आडनाव कीन, नावाचे आद्याक्षर टी. मेव्हण्याचा नेकटाय व गंजीफ्रॉक वापरणारा हा मनुष्य शोधायला पोलिस जगभर हिंडले होते. १९४७ साली तो पत्नीपासून विभक्त झाला आणि त्यानंतर कागदोपत्री नाहीसा झाला. पुढे पत्नीने घटस्फोटासाठी केलेल्या अर्जात त्याचे जे चित्र आहे ते तापट, एकलकोंड्या, मरणाविषयी कविता करणाऱ्या मनुष्याचे आहे. त्याला घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याचा नाद होता. त्या पाच ओळी म्हणजे घोड्यांच्या नावांची टिपणे असावीत, असे ॲबट यांना वाटते. तसे असेल तर ज्या बुकींच्या संघाने त्याला माती दिली त्यांनी, नकळत का होईना, आपल्याच एका गिऱ्हाइकाचा हिशेब चुकता केला म्हणायचा.

वेबचे नाव मला स्वतःला ग्राह्य वाटते. केवळ डीएनए जुळला असता तर मी थांबलो असतो. परंतु वय, कीनचे नाते आणि दप्तरातील मृत्यूनोंदीचा अभाव या तिन्ही गोष्टी, एकमेकींशी संबंध नसताना, एकाच मनुष्यावर येऊन थांबतात. तो ॲडिलेडला कोणाला भेटायला आला, परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या पुस्तकात कसा आला, आणि त्या रात्री वाळूवर त्याचा प्राण कशाने गेला, हे वंशवृक्ष सांगत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी २०२२ च्या त्या घोषणेनंतर कार्ल वेब या नावावर मोर्तब केले नाही. उकरून काढलेल्या अवशेषांची आमची परीक्षा चालू आहे, एवढेच त्यांनी कळवले.